पोरक्या पिल्लाची साक्ष

संशोधक : आधी एक गोष्ट स्पष्ट करते, सर, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जिवाणू पोटात गेले म्हणून कोंबडीच्या पिल्लाची जनुकं बदलत नाहीत. बदलतो तो त्यांचा वापर. पेशीतलं जनुकांचं दप्तर तलाठ्याच्या दप्तरासारखं जागच्या जागी असतं. ज्या उताऱ्याची गरज पडेल त्याची नक्कल निघते आणि त्या नकलेबरहुकूम प्रथिन तयार होतं. आम्ही मोजतो त्या नकला. २००४ च्या डिसेंबरात तांबड्या रानकोंबडीच्या एका मादीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. सुमारे शंभर कोटी अक्षरं, वीस ते तेवीस हजार जनुकं. तेव्हापासून आतड्याच्या एवढ्याशा तुकड्यातून या सगळ्या जनुकांच्या नकलांची यादी एकदम काढता येऊ लागली. एक यादी निरोगी पिल्लाची, दुसरी साल्मोनेला हा जिवाणू पाजलेल्या पिल्लाची. दोन्ही शेजारी ठेवल्या की लढाईचा क्रम उलगडतो. अस्तरातल्या पहारेकरी रेणूंनी जिवाणू ओळखला की इंटरल्यूकिन-१-बीटा, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ यांच्या नकला झपाट्यानं वाढतात. इंटरल्यूकिन-८ म्हणजे मदतीची हाक. ती ऐकून हेटेरोफिल या पांढऱ्या पेशी रक्तातून आतड्याकडे धावतात. डिफेन्सिन नावाची छोटी जंतुनाशक प्रथिनं बनू लागतात. कोंबडीत त्यांची चौदा जनुकं आहेत. पाठोपाठ इंटरफेरॉन-गॅमा येतं आणि भक्षक पेशींना गिळलेला जिवाणू ठार करायला लावतं. पिल्लू अजून दाणे टिपत असतं, बाहेरून काही दिसत नसतं, तेव्हा आत हे सुरू झालेलं असतं. एवढं स्वच्छ उत्तर पिल्लाकडून आपल्याला पूर्वी कधीच मिळालं नव्हतं.

पशुवैद्य : ‘उत्तर’ हा शब्द तू फार लवकर वापरलास. तुझीच उपमा घेतो. गावात एखाद्या गटाच्या सातबाऱ्याच्या नकला अचानक जास्त निघाल्या, तर त्या घरात काहीतरी चाललंय एवढंच कळतं. कर्ज काढताहेत, वाटणीवरून भांडताहेत की जमीन विकायला निघालेत, ते नकलांच्या आकड्यावरून कळत नाही. तुझ्या यादीत नकला वाढलेलं जनुक पिल्लाला वाचवतंय, की जिवाणूनंच ते पेटवून स्वतःची सोय करून घेतलीय, की ती नुसती पडझडीची धूळ आहे? जो दाह जिवाणू मारतो तोच आतड्याचं अस्तरही जाळतो. दोन्हींच्या नकला एकाच यादीत येतात.

आणि दुसरं असं, की हे काहीही माहीत नसताना माणसानं पिल्लांचा एक मोठा रोग आवरला होता. पांढरी हगवण. पिल्लं दिव्याखाली गोळा होतात, पंख पडतात, शेपटीखाली पांढरा चिकटा सुकून बसतो आणि आठवड्याभरात निम्मी शेड रिकामी होते. अमेरिकेत रेटगर यांनी १८९९ मध्ये तिचा जिवाणू शोधला, त्यालाच पुढे साल्मोनेला पुलोरम म्हणू लागले. तो आईच्या बीजकोशात दबा धरून बसतो आणि अंड्यातून पिल्लात उतरतो, हे कळलं. मग कोंबडीच्या रक्ताचा एक थेंब रंगीत प्रतिजनाच्या थेंबात मिसळायचा, गुठळ्या झाल्या की ती कोंबडी पैदाशीतून काढायची. १९३५ मध्ये अमेरिकेत त्याची राष्ट्रीय योजना झाली आणि तिथल्या व्यापारी कळपांतून हा रोग गेला. पिल्लाला काहीही विचारावं लागलं नाही.

संशोधक : नकलांचा मुद्दा मला मान्य आहे, तो सोडणार नाही, त्याच्याकडे परत येते. पण पांढऱ्या हगवणीची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. पुलोरम आणि त्याचा भाऊ गॅलिनारम, जो मोठ्या कोंबड्यांना टायफॉइड देतो, हे दोघं पाश्चात्त्य कळपांतून हटले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे तिसराच उभा राहिला. साल्मोनेला एन्टेरिटिडिस. यानं कोंबडी फारशी आजारी पडत नाही, अंडं खाणारा माणूस पडतो. या जिवाणूंच्या अंगावर एक खूण सारखी आहे. पहिल्या दोघांमुळे कळपांत त्या खुणेविरुद्ध प्रतिकारशक्ती टिकून होती, ते गेल्यावर तीही ओसरली आणि रिकाम्या जागेत एन्टेरिटिडिस शिरला, असा तर्क २००० साली शास्त्रज्ञांनी मांडला. तो पूर्ण खरा असो वा नसो, एक गोष्ट त्यातून दिसते. आपण एक चोर पकडला, घराची कडी तशीच ढिली राहिली.

कडी म्हणजे पिल्लू. आणि पिल्लं सारखी नसतात, हेही जुनं आहे. इलिनॉयमध्ये रॉबर्ट्स आणि कार्ड यांनी १९२६ मध्येच दाखवलं होतं, की पांढऱ्या हगवणीतून तगलेल्या पक्ष्यांची पैदास केली तर त्यांची पिल्लंही जास्त तगतात. पुढे इंग्लंडमध्ये हाउटनच्या संशोधन केंद्रात बमस्टेड आणि बॅरो यांनी पिढ्यानुपिढ्या आप्तसंकरातून जपलेल्या कोंबड्यांच्या वाणांची नुकती उबलेली पिल्लं घेतली, त्यांना साल्मोनेला टायफिम्युरियम दिला आणि १९८८ मध्ये निष्कर्ष छापला. काही वाणांची पिल्लं पटापट मेली, काहींची बहुतेक जगली. हाच क्रम नंतर गॅलिनारम, पुलोरम, एन्टेरिटिडिस यांच्या बाबतीतही तसाच निघाला. जिवाणू बदलला तरी टिकणारं पिल्लू तेच. २००१ मध्ये त्यातला मोठा वाटा पाचव्या गुणसूत्रावरच्या एका जागेकडे बोट दाखवू लागला, तिला ‘साल-१’ म्हणतात. टिकणाऱ्या पिल्लांच्या भक्षक पेशी गिळलेले जिवाणू जास्त चांगले मारतात, हेही दिसलं. म्हणजे सातबाऱ्याच्या नुसत्या नकला नाहीत, सर. जमीनच वेगळी आहे.

पशुवैद्य : जमीन वेगळी आहे, मान्य. पण कोणत्या गुणानं वेगळी, हे ओळखताना माणूस आपल्याला ठाऊक असलेल्या जागीच खणतो. याच इतिहासातलं एक काम तू वगळलंस, आणि मला ते सगळ्यांत आवडतं. कॉर्नेल विद्यापीठाचे हट. त्यांच्या लक्षात आलं, की लेगहॉर्न जातीची पिल्लं पांढऱ्या हगवणीत जड जातींच्या पिल्लांपेक्षा जास्त तगतात. का? त्यांनी रक्तातल्या पेशी तपासत बसण्याऐवजी पिल्लांच्या अंगाचं तापमान मोजलं. अंड्यातून निघालेलं पिल्लू मोठ्या कोंबडीपेक्षा थंड असतं, आपली उब आपण राखायला त्याला दिवस लागतात. ज्या पिल्लांचं अंग लवकर गरम होतं ती जास्त जगत होती. १९६० मध्ये हट आणि क्रॉफर्ड यांनी दाखवलं, की रोगाचा एकही जिवाणू न देता, फक्त पहिल्या दिवसांतल्या अंगाच्या उबेवर पक्षी निवडत गेलं, तरी पुढची पिल्लं पांढऱ्या हगवणीला जास्त तोंड देतात.

आता सांग, हे प्रतिकाराचं जनुक म्हणायचं की उबेचं? तुझी यादी आतड्यातून येते. आतड्यात उबेच्या जनुकाची नक्कल निघणारही नाही कदाचित. पण ब्रूडरच्या दिव्याखाली पहाटे तीनला वीज गेली आणि शेडचं तापमान आठ अंशांनी उतरलं, की तुझी यादी बदलेल. मी तीस वर्षं शेड पाहतोय. साल्मोनेला असतोच कुठे ना कुठे, खाद्यात, उंदराच्या लेंडीत, आधीच्या लॉटच्या भुशात. पिल्लं मरतात ती गारठलेल्या रात्रीनंतर.

संशोधक : हट यांचं काम माझ्या बाजूचं आहे असं मला वाटतं. त्यांनी रोग न देता निवड केली. आता तेच जनुकांच्या नकलांवर करता येतं. टेक्सासमध्ये कॉलेज स्टेशनला अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत स्वॅगर्टी, कोगुट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रॉयलरच्या एका व्यापारी वाणातले नर तपासले. दाह चेतवणाऱ्या मोजक्या जनुकांच्या नकला कोणात जास्त निघतात, कोणात कमी, एवढं पाहिलं आणि दोन्ही टोकांचे नर वेगळे करून पैदास केली. जास्तवाल्यांची पिल्लं एन्टेरिटिडिसला अधिक पुरून उरली. म्हणजे ज्या नकलांचा अर्थ लागत नाही असं तुम्ही म्हणता, त्यांच्यावर भरवसा ठेवून निवड केली आणि ती फळली. अर्थ लावायची हीसुद्धा एक रीत आहे. सातबाऱ्याच्या नकला पाहून मी म्हटलं की इथे विहीर खणली जाणार, आणि पुढच्या वर्षी विहीर खणलेली दिसली.

पशुवैद्य : विहीर खणलेली दिसली, पण पाणी कोणाच्या रानात गेलं? ‘पुरून उरली’ म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येक वेळी विचारायला हवं. हाउटनच्या त्याच वाणांकडे पुन्हा बघ. त्यातले ‘सहा-एक’ आणि ‘एन’ हे दोन्ही वाण टिकाऊ. दोन्हींच्या पिल्लांच्या यकृतात, प्लीहेत जिवाणू माजत नाही, पिल्लं मरत नाहीत. पण आंधळ्या आतड्यात पाहिलं तर ‘सहा-एक’ साल्मोनेला झटकून टाकतो आणि ‘एन’ तो बाळगून राहतो. ‘एन’चं पिल्लू शेतकऱ्याच्या दृष्टीनं उत्तम. मरत नाही, वजन धरतं. आणि तेच पिल्लू पस्तीस-चाळीस दिवसांनी कापलं की आतड्यातला साल्मोनेला मांसाला लागून कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जाणार.

माझ्या धंद्यात आम्ही ‘मर’ मोजतो. आज किती मेले, उद्या किती. मरीचा आकडा कमी झाला की डॉक्टर चांगला, पिल्लू चांगलं, कंपनी चांगली. त्या आकड्यात न मरणारं, वाहत राहणारं पिल्लू दिसतच नाही. तुमची निवडही मरीवर उभी राहिली तर आपण दोघं मिळून ‘एन’सारखी पिल्लं वाढवू आणि समाधानानं घरी जाऊ.

संशोधक : आता आपण नेमक्या जागी आलो. हे न मरणारं पिल्लू मरीच्या वहीत दिसत नाही, शवविच्छेदनात दिसत नाही, तोलकाट्यावर दिसत नाही. पण यादीत त्याचा माग लागतो. कोगुट यांच्याच गटानं लहान ब्रॉयलर पिल्लांत साल्मोनेला दिल्यानंतरचे दिवस एकेक करून पाहिले. पहिले दोन दिवस दाह, मी सुरुवातीला सांगितला तसा. आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास आतड्याचा सूरच बदलतो. दाह शमतो, प्रतिकार आवरणाऱ्या पेशी वाढतात, पेशींचा ऊर्जेचा व्यवहार बदलतो, आणि जिवाणू तिथेच राहतो. पिल्लानं लढाई जिंकलेली नसते, हरलेलीही नसते. त्यानं तह केलेला असतो.

म्हणून मी तुमच्या पहिल्या आक्षेपाकडे परत येते. नकला वाढल्या म्हणजे चांगलं की वाईट, हे एका दिवसाच्या यादीवरून ठरत नाही, हे अगदी खरं. पण चार दिवसांच्या चार याद्या ओळीनं लावल्या तर लढाई कुठे संपते आणि तह कुठे सुरू होतो, ते दिसतं. बाहेरून सारखीच दिसणारी दोन पिल्लं, एकानं जिवाणू हाकललेला, दुसऱ्यानं ठेवून घेतलेला. हा फरक कसा पडला, हे तुम्ही यादीशिवाय कसं सांगणार? विष्ठा तपासाल, पण ती आज स्वच्छ निघेल, परवा पुन्हा साल्मोनेला दाखवेल. आणि तो का राहिला, हे ती कधीच सांगणार नाही.

पशुवैद्य : तह हा शब्द मला पटला. पण तह कोणाशी कोणाचा, ते विचारायला हवं, आणि इथे माझा खरा आक्षेप सुरू होतो. तुमची सगळी पिल्लं एक दिवसाची असतात. यंत्रात उबलेली, खोक्यातून आलेली, आई न पाहिलेली. परसातली खुडूक कोंबडी आठव. एकवीस दिवस रवणीवर बसते, पिल्लं निघाली की पहिल्या दिवसापासून त्यांना घेऊन उकिरडा उकरते. पिल्लू तिच्या पंखाखाली झोपतं, तिच्या विष्ठेत चोच घालतं. आपल्याला किळस येते, पण पिल्लाला आईच्या आतड्यातले जंतू तिथून मिळतात आणि त्याच्या रिकाम्या पोटात ते आधी जागा धरतात. फिनलंडमध्ये १९७१ साली ब्रॉयलरमध्ये साल्मोनेला पसरला तेव्हा नुर्मी आणि रांताला यांनी हेच केलं. मोठ्या पक्ष्याच्या आतड्यातला ऐवज लहान पिल्लांना पाजला, मग साल्मोनेला दिला. बहुतेक पिल्लांत तो रुजलाच नाही. १९७३ मध्ये ते छापून आलं. पिल्लाची जनुकं तीच होती. फक्त त्याला उशिरानं का होईना, आई मिळाली होती.

मग तू वाचतेस ती साक्ष कोणाची? कोंबडीच्या पिल्लाची नाही, पोरक्या पिल्लाची. रिकाम्या घरात चोर शिरला तर पोर कसं ओरडतं, ते तू फार बारकाईनं लिहून घेतेस. घरात माणसं असती तर ते ओरडलं असतं का, हे तुझ्या वहीत कुठेच नाही. आणि त्या ओरडण्यावर निवड करत गेलीस तर आई नसतानाच बरं जगणारा पक्षी घडवशील. लेगहॉर्नमधून खुडूक बसण्याचा गुण आपण असाच काढला, अंडी जास्त हवीत म्हणून. आधी आई काढली, आता आई नसल्याची भरपाई पिल्लाच्या जनुकांत शोधतोय.

संशोधक : हे ऐकून मला वाईट वाटतं, कारण त्यात खरं आहे. पण आई म्हणजे फक्त संरक्षण नव्हे. पांढरी हगवण आईच्याच अंड्यातून उतरत होती, हे तुम्हीच सांगितलंत. राणीखेत, जंत, कॉक्सिडिओसिस, सगळं तिच्याबरोबर उकिरड्यावर असतंच. परसातल्या पिल्लांपैकी किती मोठी होतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि पोरकं पिल्लूही अगदी रिकाम्या हातानं येत नाही. आईनं बलकात ठेवलेली प्रतिपिंडं त्याच्या रक्तात असतात. स्वतःची प्रतिपिंडं करायचा अवयवही त्याच्याजवळ असतो, शेपटीच्या मुळाशी, फॅब्रिसियसची पिशवी. तिचं काम कळलं तेही साल्मोनेलामुळेच. ओहायोत ग्लिक नावाच्या विद्यार्थ्यानं काही पिल्लांची ती पिशवी काढली होती. त्याच्या सहाध्यायाला, चांग याला, साल्मोनेलाविरुद्ध प्रतिपिंडं कशी तयार होतात ते वर्गात दाखवायचं होतं, म्हणून त्यानं तेच मोठे झालेले पक्षी उसने नेले. प्रतिपिंडं तयार झालीच नाहीत. १९५६ मध्ये तो निबंध कुक्कुटशास्त्राच्या मासिकात आला, आणि आज माणसाच्या रक्तातल्या बी-पेशींच्या नावातला ‘बी’ त्या पिशवीच्या इंग्रजी नावाचा आहे. तेही पिशवी नसलेलं, अपुरं पिल्लू होतं, सर. अपुऱ्या पिल्लाची साक्ष म्हणून ती खोटी ठरली नाही.

आणि पोरकं पिल्लू ही माझ्या प्रयोगशाळेतली सोय नाही. शेडमधलं प्रत्येक पिल्लू तेच आहे. त्याच्यासाठी आजवर आपण प्रतिजैविकं खाद्यात टाकत आलो. कोलिस्टिन माणसासाठी राखून ठेवायचं औषध, ते २०१९ च्या जुलैत भारत सरकारनं जनावरांसाठी बंद केलं, आणि योग्यच केलं. पण मग त्या शेतकऱ्यानं काय करायचं? कोंबडी रवणीवर बसवायची?

पशुवैद्य : त्या शेतकऱ्याच्या हातात काय आहे ते बघ. करारावरच्या कोंबडीपालनात पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, भुसा आणि जाग्या रात्री त्याच्या. भडक उत्तर देणारं पिल्लू आणलंस तर दाहाला ऊर्जा लागते, ती खाद्यातूनच जाणार, आणि एक किलो वजनाला किती खाद्य लागलं यावर त्याचे पैसे ठरतात. शांत राहणारं पिल्लू आणलंस तर खाद्य वाचेल, आणि जिवाणू गिऱ्हाइकाकडे जाईल. तुझं चांगलं उत्तर म्हणजे यातलं कोणतं? पिल्लाला विचारलंस तर तह बरा. खाणाऱ्याला विचारलंस तर युद्ध बरं. शेतकऱ्याला कोणी विचारतच नाही.

संशोधक : युद्ध पहिल्या दोन दिवसांत हवं आणि लवकर संपायला हवं, जिवाणू घेऊन संपायला हवं. हाउटनचा ‘सहा-एक’ ते करतो. म्हणजे ते शक्य आहे. त्याची किंमत वजनात किती पडते, तो वाण ब्रॉयलर नसल्यामुळे त्यावरून सांगता येणार नाही. हे मी मोजलं पाहिजे, आणि यादीबरोबर तोलकाटाही ठेवला पाहिजे. एवढं तुमच्याकडून घेतलं.

पशुवैद्य : आणि कोंबडी ठेव. निम्मी पिल्लं खुडूक कोंबडीखाली वाढव, मग साल्मोनेला दे आणि यादी काढ.

संशोधक : मग प्रत्येक पिल्लाच्या पोटात वेगळे जंतू असतील. दोन याद्यांतला फरक साल्मोनेलामुळे की कोंबडीमुळे, हे मला सांगता येणार नाही.

पशुवैद्य : आणि सगळी यंत्रातली घेतलीस, तर तो साल्मोनेलामुळे की कोंबडी नसल्यामुळे, हे आज तरी कुठे सांगता येतं?

संशोधक : चार गट करावे लागतील. कोंबडीखालचे आणि यंत्रातले, आणि दोन्हींत साल्मोनेला दिलेले, न दिलेले. पहिल्या दिवसापासून कापायच्या दिवसापर्यंत. पिल्लं खूप लागतील. तरीही चौथ्या दिवशी शांत झालेल्या, जिवाणू पोटात ठेवून दाणे टिपणाऱ्या पिल्लासमोर उभी राहीन, तेव्हा त्याच्या रकान्यात ‘निरोगी’ लिहू की ‘बाधित’, हे मला आत्ता ठरवता येत नाही.

पशुवैद्य : मीही तीस वर्षं त्या रकान्यात ‘निरोगी’च लिहीत आलोय.